उदास माणसाला डॉक्टर आनंदाच्या दिवसांबद्दल का विचारतात?

डिप्रेशनवरची गोळी सुरू केली आणि दोनेक आठवड्यांत माणूस उठून बसला. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण तो पहाटे तीनला कपाटं आवरायला लागला, वर्षानुवर्षं संपर्क नसलेल्यांना फोन करू लागला, नोकरी सोडून धंदा काढायच्या गोष्टी करू लागला. झोप तीन तासांवर आली, तरी थकवा नाही. घरच्यांना आधी आनंद होतो, मग धास्ती वाटायला लागते. गोळी बनावट नव्हती आणि ‘डिप्रेशन’ हे निदानही खोटं नव्हतं. माणूस खरोखरच डिप्रेशनमध्ये होता. ते डिप्रेशन कोणत्या आजाराचं, हा प्रश्न तेवढा विचारायचा राहिला होता.

मूडच्या आजारांचं निदान अवघड जातं ते इथे. आज तुम्ही कसे दिसता, काय बोलता यावरून ते अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं मागच्या पाच, दहा, वीस वर्षांत पडलेलं असतं. म्हणून चांगला मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत उदासीबद्दल विचारून झालं की हमखास विचारतो, ‘याच्या अगदी उलट दिवस कधी येऊन गेलेत का?’ रडत आलेल्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटतो, कधी थट्टाही वाटते. उपचारांची दिशा मात्र बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

खालची बाजू

डिप्रेशन म्हणजे वाईट वाटणं नव्हे, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं आहे. मग ते नेमकं काय, हे विचारलं तर उत्तर गडबडतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत नऊ लक्षणं दिली आहेत: उदास मन, कशातच रस न उरणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप कमी किंवा जास्त होणं, हालचाली मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, थकवा, आपण कवडीमोलाचे आहोत असं वाटणं किंवा अकारण अपराधी वाटत राहणं, लक्ष न लागणं, आणि मरणाचे किंवा आत्महत्येचे विचार. यांपैकी किमान पाच, तीही दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असायला हवीत. पहिल्या दोनपैकी एक तरी त्यात हवंच. आणि त्यापायी माणसाचं काम, नाती, रोजचे व्यवहार बिघडलेले हवेत.

यातलं दुसरं लक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण तेच सगळ्यात सहज निसटतं. पुष्कळ माणसं उदास नसतातच. ती कोरडी झालेली असतात. आवडतं गाणं लागलं तरी काही होत नाही, मूल येऊन बिलगलं तरी आत काही हलत नाही. अशा माणसाला ‘वाईट वाटतंय का?’ विचारलं तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ‘शेवटचं कशात मन रमलं होतं?’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. काही जणांत डिप्रेशन चिडचिडीच्या रूपात येतं, विशेषतः किशोरवयीन मुलांत. काहींत ते डोकेदुखी, पाठदुखी, पोटाच्या तक्रारी घेऊन येतं आणि वर्षभर भलत्याच डॉक्टरांकडे फिरत राहतं. वयस्कांमध्ये विसरभोळेपणा इतका वाढतो की घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते.

दोन आठवड्यांची अट ऐकून लोक विचारतात, चौदाव्या दिवशी असं काय घडतं? काहीच नाही. ती माणसांनी ठरवलेली रेघ आहे. वाईट बातमी, भांडण, अपयश यांनी खचलेला माणूस बहुतेक वेळा दोन आठवड्यांत थोडा तरी सावरायला लागतो, हा त्यामागचा व्यावहारिक हिशोब. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर काय, यावर तर मानसोपचारातच मोठा वाद झाला. जुन्या नियमानुसार शोकाच्या पहिल्या दोन महिन्यांत डिप्रेशनचं निदान सहसा करत नसत. त्या निदानपुस्तिकेच्या २०१३च्या आवृत्तीत ती सूट काढून टाकली. शोकालाही आजार ठरवायला निघालात, अशी टीका तेव्हा झाली आणि ती पूर्णपणे अनाठायी नव्हती. व्यवहारात डॉक्टर एक फरक पाहतात. शोक लाटांसारखा येतो, मधल्या वेळात गेलेल्या माणसाच्या आठवणीने हसूही फुटतं, आणि स्वतःबद्दलचा आदर शाबूत असतो. डिप्रेशनमध्ये ‘मीच नालायक’ हा सूर दिवसभर थांबत नाही.

याखेरीज एक रेंगाळणारा प्रकार आहे. तीव्रता कमी, पण दोन-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालणारा. त्याला लोक आजार म्हणतच नाहीत, ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणतात.

वरची बाजू

आता तो उलटा प्रश्न. मूडच्या आजारांची ढोबळ विभागणी दोन घरांत होते. एकात मूड फक्त खाली जातो. दुसऱ्यात तो आयुष्यात कधी ना कधी वरही जातो, याला बायपोलर म्हणतात. खाली गेलेला माणूस मात्र दोन्ही घरांत जवळजवळ सारखाच दिसतो, आणि पंचाईत होते ती यामुळेच.

वर जाण्याचे दोन टप्पे मानतात. मेनिया, म्हणजे उन्माद, किमान एक आठवडा टिकतो, किंवा इतका तीव्र असतो की त्याआधीच रुग्णालयात न्यावं लागतं. झोपेची गरजच कमी होते, बोलणं थांबत नाही, एका विचारातून दुसरा फुटत राहतो, स्वतःबद्दल अफाट कल्पना येतात, पैसा उधळला जातो, नको ती साहसं होतात, अडवलं की संताप. काहींना भासही होतात. हे ओळखायला फारशी हुशारी लागत नाही. सौम्य टप्पा, म्हणजे हायपोमेनिया, ओळखणं खरं कठीण. चार दिवसही पुरतात. माणूस कामावर जातो, उलट दुप्पट काम करतो, गमतीदार बोलतो, नव्या योजना आखतो. त्याला कोण आजारी म्हणेल? तो स्वतः तर नाहीच. त्याच्या आठवणीत ते दिवस ‘मी खरा जसा आहे तसे’ म्हणून नोंदलेले असतात.

डॉक्टरकडे हायपोमेनियात कुणी जात नाही. जातात ते खाली आल्यावर. अमेरिकेत ल्युइस जड यांच्या गटाने बायपोलरच्या रुग्णांचा आठवड्या-आठवड्याचा मूड सरासरी तेराएक वर्षं नोंदवला. सौम्य प्रकारच्या, म्हणजे बायपोलर दोनच्या, रुग्णांचा जवळपास निम्मा काळ डिप्रेशनच्या लक्षणांत गेला होता. हायपोमेनियात होते फक्त एक टक्का आठवडे. अशा रुग्णाला कुठल्याही दिवशी तपासलं, तर तो एकतर बरा किंवा उदास सापडण्याची शक्यता प्रचंड. बायपोलरचं बरोबर निदान व्हायला कित्येकांना पाच-दहा वर्षं लागतात ती डॉक्टरांच्या निष्काळजीपणापेक्षा या गणितामुळे.

म्हणून चौकशी वाकड्या वाटेने करावी लागते. ‘तुम्हाला कधी उन्माद झाला होता का?’ याला सगळेच ‘नाही’ म्हणतात. त्याऐवजी विचारतात की असे काही दिवस आठवतात का, जेव्हा तीन-चार तास झोपूनही ताजंतवानं वाटायचं? इथे एक बारीक भेद आहे. झोप हवी असून न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. पहिलं चिंतेत, डिप्रेशनमध्ये नेहमीचं. दुसरं दिसलं की डॉक्टर पेन खाली ठेवून नीट ऐकू लागतो. मग पुढचे प्रश्न: त्या दिवसांत लोक म्हणायचे का, ‘तुला झालंय काय?’ खर्च, कर्ज, प्रेमप्रकरणं, राजीनामे यांची गर्दी कधी एकाच महिन्यात झाली होती का?

आणि घरच्यांना विचारतात. हे अनेकांना आवडत नाही, ‘माझ्याबद्दल दुसऱ्याला काय विचारता’ असं वाटतं. पण हायपोमेनिया आतून दिसत नाही, बाहेरून दिसतो. बहिणीला आठवतं की त्या उन्हाळ्यात हा तीन दुचाकी बघून आला होता आणि रात्रभर गच्चीवर बसून काहीतरी लिहायचा.

काही खुणा संशय वाढवतात: पहिलं डिप्रेशन पंचविशीच्या आत येणं, बाळंतपणानंतर लगेच तीव्र आजार होणं, डिप्रेशनमध्ये भास किंवा भ्रम असणं, फार झोप आणि फार भूक, थोड्या-थोड्या दिवसांचे पुष्कळ झटके, किंवा डिप्रेशनच्या गोळ्यांनी एकदम वर उसळणं. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांत बायपोलर असेल तर धोका सर्वसामान्यांहून कितीतरी पट जास्त, तरी तो साधारण पाच ते दहा टक्क्यांपर्यंतच जातो. म्हणजे आईला बायपोलर आहे म्हणून मुलाला होणारच, असं अजिबात नाही. वरीलपैकी एकाही खुणेवर निदान होत नाही. त्या फक्त डॉक्टरला आणखी खोदायला लावतात.

काळावर नजर ठेवून निदान करण्याची ही पद्धत तशी जुनी. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचे, त्यावर आजार कसा सुरू झाला, कसा सरकला, शेवट काय झाला याच्या नोंदी. ती कार्डं चाळून १८९९मध्ये त्यांनी दोन मोठे गट वेगळे केले. झटक्यांमध्ये येणारा आणि मध्ये माणूस पूर्ववत होणारा तो उन्मादी-अवसादी आजार, आणि हळूहळू खालावत नेणारा तो दुसरा, ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो. त्या दिवशी रुग्ण कसा दिसतो यापेक्षा पुढे त्याचं काय होतं, याला त्यांनी वजन दिलं. गंमत म्हणजे फक्त खाली जाणारे आणि खाली-वर दोन्हीकडे जाणारे यांना त्यांनी एकाच पोत्यात टाकलं होतं. ते वेगळे करायला १९५७मध्ये कार्ल लिओनहार्ड आणि १९६६मध्ये ज्यूल्स आंग्स्ट व कार्लो पेरिस यांची वाट पाहावी लागली.

मग रक्त कशाला काढतात?

डिप्रेशन किंवा बायपोलर दाखवणारी रक्ताची चाचणी नाही. मेंदूचा स्कॅनही नाही. तरी डॉक्टर तपासण्या लिहून देतात, कारण शरीरातले काही बिघाड मूडचा आजार असल्याचा आव आणतात. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त, जड, उदास होतो. ते जास्त चाललं की अस्वस्थ आणि चढलेला. रक्ताल्पता, बी-१२ची कमतरता, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, पार्किन्सन्स, दारू हे सगळे डिप्रेशनसारखे दिसू शकतात. स्टिरॉइडच्या गोळ्या दम्यासाठी किंवा संधिवातासाठी चालू असताना माणूस उन्मादात गेल्याची उदाहरणं तर कोणत्याही फिजिशियनला ठाऊक असतात. म्हणून सोबत न्यायची पहिली गोष्ट म्हणजे चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आयुर्वेदिक किंवा जिमचं ‘सप्लिमेंट’ धरून. मूडच्या आजाराचं ‘अचूक’ निदान करून देतो म्हणत कुणी महागडा मेंदूचा स्कॅन विकत असेल, तर पैसे वाचवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली हल्ली सगळीकडे दिसते, फोनवरसुद्धा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की पुढे तपासून घ्यावं, एवढाच तिचा अर्थ. ती चाळण आहे. तिच्यात वरच्या बाजूबद्दल एकही प्रश्न नाही, त्यामुळे बायपोलर असलेल्यालाही ती बिनदिक्कत ‘डिप्रेशन’ म्हणेल.

एवढं सगळं करूनही दोन डॉक्टर सहमत होतातच असं नाही. २०१३च्या त्या निदानपुस्तिकेआधी घेतलेल्या चाचण्यांत एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासलं. योगायोगाने जुळलेली निदानं वजा करून सहमती मोजतात. शून्य म्हणजे निव्वळ नशीब, एक म्हणजे पूर्ण एकमत. डिप्रेशनचा आकडा आला सुमारे ०.२८, तीव्र बायपोलरचा ०.५६. डिप्रेशनचा आकडा लाजिरवाणाच होता. याचं एक कारण असं की ‘डिप्रेशन’ या एका नावाखाली फार वेगवेगळी माणसं येतात. म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायला संकोच नको, आणि दोन वर्षांनी निदान बदललं तर पहिला डॉक्टर मूर्ख होता असंही समजू नये. मधल्या काळात नवी माहिती आलेली असते.

निव्वळ डिप्रेशन असेल तर

सौम्य असेल तर औषधाआधी बोलण्याचे उपचार करून पाहतात. त्यात नुसत्या गप्पा नसतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात घडवलेल्या पद्धतीत आपोआप उमटणारे विचार पकडून ते पुराव्यावर घासून पाहायला शिकवतात. दुसऱ्या एका पद्धतीत विचारांना हातच लावत नाहीत. आधी छोट्या-छोट्या कृती वेळापत्रकात घालतात, मन तयार नसतानाही. मूड सुधारला की मी फिरायला जाईन, हा क्रम उलटा करायचा. मला ही दुसरी पद्धत जास्त भावते, कारण ती खचलेल्या माणसाकडून वाद घालण्याची अपेक्षा करत नाही.

मध्यम किंवा तीव्र आजारात गोळ्या लागतात, शक्यतो दोन्ही एकत्र. गोळ्यांबद्दल गैरसमज इतके आहेत की जरा थांबून बोलायला हवं.

‘मेंदूत सेरोटोनिन कमी झालं, गोळी ते भरून काढते’ हे स्पष्टीकरण वर्षानुवर्षं दिलं गेलं. पुरावा तसं सांगत नाही. २०२२च्या एका मोठ्या आढाव्यात डिप्रेशनचा कमी सेरोटोनिनशी ठोस संबंध सापडला नाही. त्यावर ‘म्हणजे गोळ्या खोट्या’ असा गदारोळ झाला, तोही चूक. औषध कसं काम करतं आणि करतं की नाही, हे दोन वेगळे प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर २०१८मध्ये ५२२ चाचण्यांतल्या १ लाख १६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून शोधलं गेलं. तपासलेली एकवीसही औषधं प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरली. सरासरी फरक मात्र मध्यमच होता, चमत्कार म्हणावा असा नव्हता.

पहिली गोळी लागू पडेलच याची हमी नसते. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झाले ते साधारण एक तृतीयांश. बाकीच्यांना दुसरं औषध, जोडऔषध किंवा थेरपी लागली. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ. दुष्परिणाम मात्र पहिल्याच दिवशी हजर होतात: मळमळ, डोकं जड, अस्वस्थता. पहिल्या आठवड्यात त्रास आहे आणि फायदा नाही, या कात्रीत पुष्कळ लोक गोळ्या बंद करतात. हे आधी नीट सांगणं हा उपचाराचाच भाग आहे. लैंगिक इच्छा कमी होणं हा दुष्परिणाम लोक लाजेने सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात. सांगितलं तर औषध बदलता येतं.

पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिले काही आठवडे भेटी लवकर-लवकर ठेवतात. या वयात औषध देऊच नये असा त्याचा अर्थ नाही.

‘सवय लागते का?’ दारूची लागते तशी नाही. डोस वाढवत न्यावा लागत नाही, तलफ येत नाही. पण अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं हे होऊ शकतं, पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या गोळ्यांमध्ये जास्त. म्हणून डोस हळूहळू उतरवायचा, आणि जितकी वर्षं औषध चाललं असेल तितका उतार लांब. पूर्ण बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने तोच डोस चालू ठेवतात. डिप्रेशनचा दुसरा-तिसरा झटका असेल तर आणखी लांब.

बायपोलर असेल तर

इथे सगळा हिशोब बदलतो. डिप्रेशनची गोळी एकटी देणं टाळतात, कारण ती माणसाला वर ढकलू शकते. दिलीच तर मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या आडोशाने. त्या स्थिर ठेवणाऱ्या औषधांत सगळ्यात जुनं आणि अजूनही मानाचं स्थान असलेलं म्हणजे लिथियम, निसर्गात मिळणारा एक धातू, जो साध्या क्षाराच्या रूपात देतात.

त्याचा शोध लागला तो चुकीच्या तर्कातून. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांना वाटायचं, उन्मादाच्या रुग्णांच्या शरीरात कसलंतरी विष तयार होत असावं. ते लघवीतले घटक गिनीपिगना टोचून पाहत होते. युरिक ॲसिड पाण्यात विरघळेना, म्हणून त्यांनी त्याचा लिथियमचा क्षार वापरला. प्राणी शांत पडून राहिले. केड यांनी लिथियम आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग उन्मादाच्या दहा रुग्णांना दिलं आणि १९४९मध्ये निष्कर्ष छापले. ते प्राणी कदाचित विषबाधेनेच मलूल झाले असावेत, असं आता मानतात. रुग्ण मात्र खरोखर सुधारले होते. त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी मिठाऐवजी विकल्या जाणाऱ्या लिथियम क्लोराइडने काही मृत्यू झाले आणि या धातूचं नाव खराब झालं. अमेरिकेत ते औषध म्हणून मान्य व्हायला १९७० उजाडलं.

त्या मृत्यूंमध्ये आणि आजच्या सुरक्षित वापरात फरक आहे तो रक्तातलं प्रमाण मोजण्याचा. दीर्घकाळ चालवताना ते लिटरमागे साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल ठेवतात, तीव्र उन्मादात एकपर्यंत नेतात. दीडच्या पुढे धोका सुरू होतो. उपयोगी डोस आणि घातक डोस यांत इतकं थोडं अंतर असलेली औषधं फार नाहीत. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणून तपासणीच्या सकाळी गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियमही अधूनमधून तपासतात. शरीरातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. त्यामुळे जुलाब, उलट्या, कडक उपवास, एकदम मीठ सोडणं, किंवा दुकानातून आणलेली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी, यातलं काहीही पातळी चढवू शकतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, जीभ जड होणं असं दिसलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. एरवी लिथियम स्वतःच्या मनाने झटकन बंद करणंही वाईट, कारण उन्माद उसळून परत येतो.

लिथियममुळे आत्महत्या कमी होतात असं अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून दिसत आलं आहे. २०२२च्या एका मोठ्या चाचणीत मात्र तो फायदा दिसला नाही, त्यामुळे वाद चालू आहे.

बाकीची औषधं थोडक्यात. व्हॅल्प्रोएट उन्मादावर लवकर काम करतं, पण गर्भावर त्याचा परिणाम गंभीर असतो: सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात व्यंग, तीस ते चाळीस टक्क्यांत वाढ-विकासाचे प्रश्न. मूल होऊ शकेल अशा वयातल्या स्त्रीला ते सहजासहजी लिहून देऊ नये, आणि दिलं असेल तर कारण विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. लॅमोट्रिजिन खालची बाजू सावरतं, पण ते आठवड्या-आठवड्याने चढवत न्यावं लागतं, घाई केली तर जिवावर बेतणारी त्वचेची प्रतिक्रिया येऊ शकते. अंगावर पुरळ दिसताच डॉक्टरला कळवायचं. क्वेटियापिनसारखी औषधं वर आणि खाली दोन्हीकडे चालतात. त्यांची किंमत वजन आणि साखर वाढण्यात मोजावी लागते.

शॉक ट्रीटमेंटबद्दलही बोलायला हवं, कारण ती नको तितकी बदनाम झाली आहे. १९३८मध्ये रोममध्ये ती पहिल्यांदा दिली गेली तेव्हा भूल नव्हती. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच ती करतात, साधारण सहा ते बारा वेळा. खाणंपिणं सोडलेला, भ्रमात गेलेला किंवा आत्महत्येच्या टोकाला पोचलेला माणूस तिने जितक्या लवकर परत येतो तितका गोळ्यांनी सहसा येत नाही. त्या आठवड्यांच्या आसपासच्या काही आठवणी पुसल्या जाऊ शकतात, हा दोष खरा आहे आणि तो आधी सांगितला गेलाच पाहिजे.

आत्महत्येचा विचार मनात आहे का, हे थेट विचारावं. विचारल्याने तो डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. उलट पुष्कळांना कुणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं होतं. विचार, बेत आणि साधन तिन्ही असतील तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, साधन नजरेआड करायचं आणि तातडीच्या विभागात न्यायचं. डिप्रेशन आणि उन्माद एकाच वेळी असणारी मिश्र अवस्था इथे विशेष धोक्याची असते, मरावंसं वाटतं आणि ते करायची ताकदही अंगात असते.

बरं असताना करायची कामं

मूडचा आजार सहसा परत येण्याआधी चाहूल देतो, आणि बायपोलरमध्ये ती बहुधा झोपेत पहिली दिसते. सलग दोन-तीन रात्री झोप कमी आणि तरीही उत्साह, हे दिसताच डॉक्टरला फोन करणाऱ्याचा उन्माद बरेचदा तिथेच अडवता येतो. रोजची झोपण्या-उठण्याची वेळ बांधून घेणं, रात्रपाळी शक्य असेल तर टाळणं, लांबच्या विमानप्रवासाआधी विचारून घेणं हे सल्ले साधे वाटतात, पण बायपोलरमध्ये त्यांना बरंच वजन आहे. मूडची रोजची एका ओळीची नोंदही ठेवावी, तारीख, झोपेचे तास आणि शून्य ते दहात एक आकडा. तीन महिन्यांची अशी वही डॉक्टरच्या तासाभराच्या चौकशीपेक्षा जास्त सांगते.

दुसरं काम कागदावरचं. माणूस पूर्ण बरा असताना घरच्यांनी आणि त्याने बसून लिहून काढायचं: माझी पहिली चिन्हं कोणती, ती दिसल्यावर मला कोणी आणि कुठल्या शब्दांत सांगावं, बँकेचं कार्ड आणि गाडीची किल्ली कुणाकडे द्यायची, कोणती औषधं मला मानवली नाहीत, भरती करायची वेळ आली तर कुठे. उन्मादात असलेला माणूस ‘मला काही झालेलं नाही’ असंच म्हणणार, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्याच्याच अक्षरातला कागद दाखवणं जास्त वेळा चालतं. चिन्हं लिहिताना ‘जास्त आनंदी वाटणं’ असलं मोघम लिहू नये, आनंदी होण्याचा हक्क त्यालाही आहे. ‘दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोप’, ‘एका दिवसात ठरावीक रकमेपेक्षा जास्त खरेदी’, ‘रात्री बारानंतर फोन’ असं मोजता येईल ते लिहावं. एक प्रत डॉक्टरच्या फाइलला जोडावी आणि दुसरी, आजारातही तो ज्याचं ऐकतो त्याच्याकडे ठेवावी. ती व्यक्ती जोडीदारच असेल असं नाही. पुष्कळ घरांत ती धाकटी बहीण किंवा जुना मित्र असतो.